कुलूप लागलेले खाते सुखरूप कसे उघडावे?

(ट्रस्टच्या अमृतमहोत्सवानिमित्त वडोदरा येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



अमृतमहोत्सवाच्या प्रसंगी संस्थापकांचे स्मरण करावे, देणगीदारांचे ऋण मानावे आणि पुढील पिढीस उपदेशाच्या दोन गोष्टी सांगाव्या, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. तो भाग आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडला आहे. कार्यकारी मंडळाने आमच्या वाट्यास जो विषय दिला तो मात्र अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांवरील आपले खाते एकाएकी उघडेनासे झाले, तर ते सुखरूप परत कसे मिळवावे, हा तो विषय होय. विषयाचे नाव ऐकताच मागल्या रांगेतील काही ज्येष्ठांनी चष्मे पुसावयास घेतले, आणि तरुण मंडळींनी ‘यात सांगावयाचे ते काय?’ अशा मुद्रेने खिशातील फोन बाहेर काढले. आमची उभयतांस विनंती आहे की, घटकाभर लक्ष द्यावे. या बाबतीत वृद्ध बहुधा भीतीने फसतात आणि तरुण घाईने फसतात, एवढाच काय तो फरक.

ज्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांच्या या नगरीत आपण बसलो आहोत. आपल्या आजे-पणजांना अक्षरओळख नसती, तर सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून ते मोकळे झाले असते. आज आपण सारे सुशिक्षित आहोत, परंतु फोनच्या पडद्यावर जे उमटते ते न वाचता ‘होय’ म्हणून बोट टेकवितो. ती नव्या जमान्यातील अंगठेबहादुरीच होय, असे म्हटल्यास कोणी रागावू नये.

या खात्याचे एवढे महत्त्व ते काय, असे कोणी विचारील. एके काळी आपली बहुतेक घरे दांडिया बाजार आणि त्याच्या आसपास हाकेच्या अंतरावर होती. कोणाच्या घरी मंगलकार्य निघाले, कोणास रुग्णालयात हलविले, कोणाचा मुलगा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, हे संध्याकाळपर्यंत सर्वांस ठाऊक होई. आज घरे दूर दूर गेली. मुले पुण्यास, बंगळुरास, कित्येक तर अमेरिकेत आणि कॅनडात आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज, रक्ताची निकड, वधूवरांची माहिती, निधनवार्ता आणि गणेशोत्सवाची वर्गणी, हे सारे आता ट्रस्टच्या ग्रुपवरून आणि पानावरून कळते. जुन्या वाड्याच्या ओटीवर जे चाले ते आता तेथे चालते. त्या ओटीवर आपले नाव सांगून, आपला फोटो लावून एखादा तोतया बसला आणि ‘अमुक विद्यार्थ्याची फी भरावयाची आहे, ताबडतोब रक्कम पाठवा’ असे म्हणू लागला, तर देणारा विचारणार नाही. पंचाहत्तर वर्षांत या संस्थेने हिशेबात पैची चूक होऊ दिली नाही, म्हणून लोक न विचारता देतात. चोर आपले खाते नेतो तेव्हा तो हा न विचारता देण्याचा विश्वास नेत असतो. पुढील वर्षी खरोखर गरजू विद्यार्थी उभा राहील, तेव्हा लोक दहा प्रश्न विचारतील आणि हात आखडता घेतील. आमच्या मते खरी हानी ती आहे.

आता मूळ विषयाकडे वळतो. वैद्य आधी नाडी पाहतो आणि मग मात्रा उगाळतो. त्याप्रमाणे खाते उघडत नाही म्हणजे नेमके काय झाले आहे, याचे निदान आधी करावे. याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात आपणच किल्ली हरविलेली असते, म्हणजे पासवर्ड विसरला, फोन बदलला अथवा जुना नंबर बंद झाला. दुसऱ्यात कंपनीने स्वतःच कुलूप लावलेले असते, कारण तिला काही संशय आला किंवा नियमभंग झाला असे वाटले. तिसऱ्यात चोराने आत शिरून आतून कडी लावलेली असते. तिन्ही प्रसंगी पडद्यावर दिसते एकच, ते म्हणजे ‘आत येता येत नाही’. उपाय मात्र भिन्न आहेत.

पहिला प्रकार सर्वांत सौम्य. येथे ‘पासवर्ड विसरलात काय?’ या प्रश्नावर बोट ठेवावे म्हणजे कंपनी आपल्या नोंदलेल्या ईमेलवर अथवा नंबरवर एक सांकेतिक अंक पाठविते. यात दोन पथ्ये पाळावी. एक, ज्या फोनवरून अथवा संगणकावरून आपण ते खाते नेहमी उघडत असू त्याच यंत्रावरून, आणि शक्यतो नेहमीच्या जागी बसूनच हा प्रयत्न करावा. गूगल तर आपल्या खात्याच्या बाबतीत स्पष्टच तसे सुचविते. ओळखीचे यंत्र आणि ओळखीचे ठिकाण ही कंपनीच्या लेखी आपल्या बाजूची साक्षच असते. प्रवासात, नातलगाच्या फोनवरून, परगावच्या वायफायवरून धडपड केली तर खरा मालकसुद्धा परका दिसू लागतो. दुसरे पथ्य असे की, अंदाजाने पासवर्ड मारीत बसू नये. बऱ्याच वेळा चुकले म्हणजे यंत्रणा काही काळ दार पुरतेच बंद करते. ते तसे झाल्यास एक दिवस स्वस्थ बसावे. वही, डायरी, जुना फोन, घरच्या संगणकाने जपून ठेवलेले पासवर्ड हे सारे शांतपणे पाहावे आणि मग पुन्हा दार ठोठवावे.

येथे एक गोष्ट मनावर बिंबविण्याजोगी आहे. आपल्या सर्व खात्यांची थोरली किल्ली आपल्या ईमेलमध्ये असते. फेसबुकचा पासवर्ड बदलावयाचा तर पत्र ईमेलवर येते, आणि बहुतेक इतर खात्यांचीही तीच तऱ्हा. म्हणून ईमेल ज्याच्या हाती, घर त्याच्या हाती. २०१२ साली मॅट होनन नावाच्या अमेरिकन पत्रकारावर जो प्रसंग गुदरला तो पुढे त्याने स्वतःच लिहून प्रसिद्ध केला. चोरांना त्याचे ट्विटर खाते हवे होते. त्यांनी एका ऑनलाइन दुकानाकडून त्याच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे मिळविले, ते आकडे दुसऱ्या कंपनीच्या मदतकेंद्रास सांगून तेथील खाते हस्तगत केले, त्यातून त्याचे जीमेल घेतले आणि जीमेलमधून ट्विटर. वाटेत त्याचा फोन आणि संगणक दुरूनच पुसून टाकले. त्यांत त्याच्या लहान मुलीची छायाचित्रे होती. साखळीची एक कडी कच्ची निघाली आणि सगळी साखळी तुटली. म्हणून कोणतेही खाते सोडवावयास निघण्यापूर्वी आपला ईमेल आपल्याच ताब्यात आहे ना, हे प्रथम पाहावे. तो गेला असेल तर आधी तो परत मिळवावा.

दुसरा प्रकार कंपनीने लावलेल्या कुलपाचा. एकाएकी परदेशातून खाते उघडले गेले, एका तासात शेकडो लोकांस एकच मजकूर गेला, अथवा कोणी तक्रार केली, तर कंपनी खाते स्थगित करते. अशा वेळी पडद्यावर जी सूचना येते ती शब्दशः वाचावी. इंग्रजी अवघड वाटल्यास घरातील मुलाबाळांकडून वाचून घ्यावी. फेरविचाराची विनंती करण्याची सोय तेथेच असते आणि तिला मुदत असते. ‘पाहू सवडीने’ म्हणून ती मुदत दवडू नये. विनंती एकदाच, थोडक्यात आणि खरी लिहावी. कंपनी कधी ओळखीचा सरकारी कागद मागते. तेव्हा खात्यावरील नाव आणि कागदावरील नाव जुळावे लागते. ‘बाळूकाका वडोदरेकर’ असे हौसेने लावलेले नाव येथे आड येते, हे ध्यानात ठेवावे. इन्स्टाग्राम कधी आपल्या चेहऱ्याची छोटी चित्रफीत मागते. मान डावीउजवीकडे वळवून ती घ्यावयाची असते आणि खात्यावरील छायाचित्रांशी ती ताडून पाहिली जाते. हे सारे करावयास हरकत नाही, मात्र कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये अथवा तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच करावे. कोणा ‘अधिकाऱ्या’च्या व्हॉट्सॲपवर आधारकार्डाचा फोटो पाठवू नये, मग तो अधिकारी कितीही गोड बोलो.

याच प्रकाराची नक्कल करून पुष्कळ चोऱ्या होतात. ‘तुमच्या पानावर दुसऱ्याच्या मालकीचे गाणे वाजविले गेले आहे, चोवीस तासांत अर्ज न केल्यास पान कायमचे जाईल’ असे पत्र येते. खाली एक लिंक असते. घाबरलेला मनुष्य ती दाबतो, पासवर्ड लिहितो आणि जे खाते तोवर सुरक्षित होते ते आपल्या हाताने चोरास देतो. त्यावर साधा उतारा आहे. पत्रातील लिंक दाबू नये. आपण स्वतः ॲप उघडावे. कंपनीस खरोखर काही सांगावयाचे असेल तर ते खात्याच्या आतील सूचनांतही दिसेल. तेथे काही नसेल, तर ते पत्र केराच्या टोपलीत टाकावे.

आता तिसरा आणि बिकट प्रकार, तो चोरीचा. येथे काय करावे, त्याचा क्रम आम्ही सांगतो. हा क्रम घरी जाऊन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस लिहून लावावा.

प्रथम माणसांना सावध करावे. खाते मागाहून सोडवता येते, पण चोराने मागितलेले पैसे एकदा गेले म्हणजे परत मिळणे कठीण. म्हणून साध्या फोनने दहा-पंधरा जवळच्या लोकांस कळवावे आणि त्यांना पुढे कळविण्यास सांगावे.

दुसरे, कोणाचे पैसे गेले असल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करावा. तक्रार लवकर गेली तर रक्कम एका बँकेतून दुसरीत फिरत असतानाच तिला अटकाव करता येतो. ही व्यवस्था केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केली. पैसे गेले नसले तरी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. दुसऱ्याचा पासवर्ड अथवा ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ‘६६ सी’ प्रमाणे गुन्हा आहे, आणि संगणकाच्या द्वारे तोतयेगिरी करून ठकविणे हा ‘६६ डी’ खाली गुन्हा आहे. दोहोंस तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तक्रारीची पावती आपल्याजवळ असली म्हणजे आपल्या नावाने पुढे जे काही घडेल त्याचा ठपका आपल्यावर येत नाही, हे दाखविण्यास आधार राहतो.

तिसरे, पुरावा जपावा. रागाच्या अगर शरमेच्या भरात संदेश पुसून टाकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तसे करू नये. चोराचे संदेश, त्याने दिलेला नंबर, पैसे मागण्याची वेळ, या सर्वांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावे.

चौथे, कंपनीच्या दारी जावे. खात्यावरील ईमेल अथवा पासवर्ड बदलला म्हणजे कंपनी जुन्या ईमेलवर तसे कळविते. ‘हा बदल मी केलेला नाही’ असे सांगून तो फिरविण्याची सोय इन्स्टाग्रामच्या अशा पत्रात असते. तेही जमले नाही, तर फेसबुक डॉट कॉम असे लिहून पुढे तिरपी रेघ आणि ‘हॅक्ड’ हा इंग्रजी शब्द लिहावा. इन्स्टाग्रामसाठीही त्याच रीतीने इन्स्टाग्राम डॉट कॉम, तिरपी रेघ, हॅक्ड. चोरीस गेलेल्या खात्यांसाठी कंपनीने ठेवलेली ही दारे आहेत. पत्ता आपल्या हाताने टंकावा, शोधून आलेल्या पहिल्या जाहिरातीवर जाऊ नये.

पाचवे, आत शिरता आले की, लागलीच निःश्वास टाकून बसू नये. घर परत मिळाले तरी चोराजवळ दुसरी किल्ली असू शकते. पासवर्ड नवा करावा आणि तो दुसऱ्या कोणत्याही खात्यास वापरलेला नसावा. ‘सर्व यंत्रांवरून बाहेर पडा’ ही आज्ञा द्यावी. खात्यास चोराने आपला ईमेल, आपला नंबर जोडून ठेवला आहे काय, ते पाहून काढून टाकावे. ईमेलमध्ये ‘येणारी पत्रे अमक्या पत्त्यावरही पाठवावी’ असा गुप्त नियम तर लावलेला नाही ना, तेही पाहावे. सरतेशेवटी दुहेरी पडताळणी सुरू करावी, म्हणजे नुसता पासवर्ड कळून कोणास आत येता येणार नाही.

व्हॉट्सॲपची गोष्ट थोडी निराळी असल्यामुळे ती आपल्यातीलच एका ज्येष्ठ भगिनींच्या हकिकतीवरून सांगतो. त्यांनी तशी परवानगी दिली आहे. त्यांना एका परिचित नंबरावरून संदेश आला, ‘काकू, चुकून माझे सहा आकडे तुमच्या फोनवर आले आहेत, तेवढे पाठवता का?’ काकूंनी सद्भावाने पाठविले. तो परिचित मनुष्य स्वतःच आधी लुबाडला गेलेला होता, आणि ते सहा आकडे म्हणजे काकूंच्याच खात्याची किल्ली होती. क्षणात खाते गेले. चोराने त्यावर आपली सहा अंकी पिन बसविली आणि लोकांकडे ‘औषधांसाठी’ पैसे मागावयास आरंभ केला. काकूंना रडू कोसळले ते निराळ्याच कारणाने. यजमानांच्या अखेरच्या वर्षातील त्यांच्या आवाजातले काही निरोप त्या फोनात होते, आणि ते कायमचे गेले अशी त्यांची समजूत झाली.

भाच्याने ॲप पुन्हा त्याच नंबरावर नोंदविले आणि एसएमएसने आलेले सहा आकडे भरले. त्याबरोबर चोर बाहेर फेकला गेला. परंतु चोराची पिन ठाऊक नसल्यामुळे काकूंनाही लगेच आत जाता येईना. कंपनीचा नियम असा आहे की, अशा वेळी सात दिवस थांबावे लागते, त्यानंतर पिनेवाचून दार उघडते. त्या सात दिवसांत दोन गोष्टी घडल्या. पहिली गोष्ट आपल्या ट्रस्टला भूषणावह आहे. दर काही वर्षांनी आपण सभासदांची सूची छापतो आणि ‘आता याची गरज काय?’ अशी कुरकूर दर खेपेस होते. त्या सूचीतून नंबर घेऊन आपल्या सहा स्वयंसेवकांनी एका संध्याकाळी घरोघर फोन केले. कोणाचाही एक रुपया गेला नाही. दुसरी गोष्ट अशी की, कोणीतरी एका ‘तज्ज्ञा’चा नंबर आणून दिला. चार हजार रुपये आगाऊ आणि फोन दुरून हाताळता येईल असे एक ॲप उतरवून घेतल्यास दोन तासांत खाते मोकळे करतो, असे तो म्हणाला. काकूंनी त्यास सांगितले, ‘सात दिवस मी थांबेन. सुतकसुद्धा दहा दिवस पाळतोच की आपण.’ आठव्या दिवशी दार उघडले. जुने निरोप त्यांच्याच फोनात शाबूत होते, कारण ते चोराच्या फोनात गेलेच नव्हते. त्या प्रसंगी घाबरून ॲप अथवा फोन पुसून टाकला नाही, हे फार बरे झाले.

बंधुभगिनींनो, आमच्या भाषणाचे सार त्या ‘तज्ज्ञा’पाशी आहे. पहिला चोर खाते नेतो. ‘परत मिळवून देतो’ म्हणणारा दुसरा चोर असतो, आणि तो अधिक घातक, कारण त्याला आपणच घरी बोलावितो. लोकांनी आपली व्यथा कोठेतरी उघड लिहिली की हे लोक हितचिंतक बनून हजर होतात. यांचे म्हणणे कधीही खरे मानू नये, याचे कारण साधे आहे. कुलूप कंपनीच्या यंत्रात असते, किल्ली तीच बनविते, आणि ती मालकाची ओळख पटवून मालकाच्याच हाती देते. बाहेरच्या माणसाजवळ या कामाचा कोणताही निराळा मार्ग नाही. त्याला मार्ग असतो तो आपल्या फोनात शिरण्याचा, म्हणून तो ओटीपी मागतो, पडदा दाखवावयास सांगतो, ॲप उतरवावयास लावतो.

कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांनाही फसवितातच ना? होय, फसवितात. १५ जुलै २०२० रोजी ट्विटरवर बराक ओबामा, जो बायडेन, इलॉन मस्क अशा बड्या लोकांच्या खात्यांवरून ‘पैसे पाठवा, दुप्पट परत करतो’ असा मजकूर निघाला. एकंदर १३० खात्यांना चोरांनी हात घातला आणि ४५ खात्यांवरून मजकूर पाठविला. कोणतेही अजब यंत्र त्यांनी वापरले नव्हते. कंपनीच्या काही नोकरांना फोन करून बोलण्यात गुंगविले, इतकेच. कुलूप कितीही भक्कम असले तरी ते सांभाळणारा मनुष्य बोलण्याला भुलला की सर्व व्यर्थ, हे त्यावरून दिसते. जेथे मुरलेले नोकर भुलले, तेथे आपण फोनवरच्या अनोळखी आवाजाला किती महत्त्व द्यावे, हे आपणच ठरवावे.

कंपनीने दाद दिली नाही तर काय? तर तेथेही सनदशीर मार्ग आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे या कंपन्यांना भारतासाठी तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रार पोहोचल्याचे चोवीस तासांत कळवावे लागते. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर केंद्र सरकारने २०२३ साली नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे तीस दिवसांत दाद मागता येते. तो अर्ज घरबसल्या करता येतो. आपल्या मंडळींना अर्ज-विनंत्यांची सवय जुनी आहे, तिचा उपयोग येथे अवश्य करावा.

आता आपल्या संस्थेपुरते चार शब्द. आपल्या दानपेटीस दोन कुलपे आहेत आणि दोन किल्ल्या दोन विश्वस्तांकडे असतात. संस्थापकांनी ही पद्धत घालून दिली ती कोणाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका होती म्हणून नव्हे, तर मनुष्य आजारी पडतो, गावाला जातो, देवाघरी जातो आणि संस्थेचे काम मात्र अडून चालत नाही, म्हणून. परंतु संस्थांची फेसबुकवरील पाने कशी असतात? एखाद्या उत्साही तरुणाने स्वतःच्या खात्यातून पान काढून दिलेले असते. तो नोकरीनिमित्त परदेशी जातो. त्याचे खाजगी खाते अडकले की संस्थेचे पानही अडकते, कारण त्या पानाला निराळी किल्लीच नसते. पुन्हा, नोंदलेला नंबर कोणा जुन्या कोषाध्यक्षांचा असतो. आपल्या देशात नव्वद दिवस न वापरलेला नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे काही काळाने तो दुसऱ्या कोणासही मिळतो. त्या अनोळखी गृहस्थाच्या फोनवर आपल्या संस्थेची किल्ली जावी, हे बरे नव्हे. जो ईमेल सुरुवातीस काढला तो कोणी उघडतच नाही. दोन वर्षे न वापरलेली खाजगी खाती काढून टाकण्याचा अधिकार गूगलने आपल्याकडे ठेवला असून डिसेंबर २०२३ पासून तशी कारवाईही सुरू केली आहे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही अशी सूचना ठेवितो. ट्रस्टच्या पानावर निदान तीन पदाधिकाऱ्यांस पूर्ण अधिकार असावेत. ग्रुपला एकाहून अधिक चालक असावेत. खात्यास जोडलेला नंबर आणि ईमेल ट्रस्टच्या मालकीचा असावा, आणि तो चालू आहे की नाही हे दर तिमाहीच्या सभेत पाहिले जावे. गूगलसारख्या कंपन्या संकटकाळासाठी सांकेतिक अंक आधी देऊन ठेवितात. गूगलचे असे दहा असतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून, पाकीट मोहोरबंद करून, दप्तराच्या तिजोरीत ठेवावे. पदाधिकारी बदलले की हिशेबाच्या वह्यांबरोबर हेही सोपवून सही घ्यावी. आणि ‘ट्रस्ट कोणत्याही सभासदाकडे केवळ संदेशाने पैसे मागणार नाही, देणगी पावती पुस्तकावर अथवा ट्रस्टच्या बँकखात्यातच घेतली जाईल’ हे वाक्य प्रत्येक सूचनापत्रकाच्या तळाशी छापावे.

घरोघरच्या मंडळींनाही एक विनंती. आपल्या पश्चात आपल्या खात्याचे काय व्हावे, हे हयातीतच ठरवून ठेवावे. फेसबुकवर वारस म्हणून एखाद्या विश्वासू व्यक्तीचे नाव नोंदता येते. ती व्यक्ती ते स्मृतिपान सांभाळू शकते, खाजगी पत्रे मात्र तिला वाचता येत नाहीत. गूगलनेही २०१३ पासून अशी सोय ठेवली आहे. आईवडिलांची छायाचित्रे मुलांना मिळावीत यासाठी मृत्युपत्राइतकी नाही तरी वीजबिलाइतकी काळजी यासाठी घ्यावी.

आम्ही आपला फार वेळ घेतला. सांगितलेले सारे लक्षात राहणार नाही, हे आम्ही जाणतो. तेव्हा तीनच गोष्टी घेऊन जाव्या. फोनवर आलेले आकडे कोणासही सांगू नयेत, अगदी आमच्या आवाजात कोणी मागितले तरीही. खाते अडकले तर कंपनीच्या स्वतःच्या दाराखेरीज दुसरीकडे जाऊ नये, मग तेथे सात दिवस उभे राहावे लागले तरी चालेल. आणि अडचण आली तर लाज न बाळगता ट्रस्टच्या कार्यालयात यावे. फसविले गेल्याची लाज चोराला वाटावी, आपल्याला नव्हे. कार्यालयात छापील सूची आहे, फोन करणारे स्वयंसेवक आहेत, आणि चहाही मिळतो.